मला सुट्टीला नेलं

सोमवार, ६ तारीख

पोहोचलो एकदाच्या. बोटीत मला काही झालं नाही, वन्संना मात्र दोनदा उलटी झाली. रिकाम्या पोटी बसू नका, असं मी घरून निघतानाच सांगितलं होतं. पण आमच्या नणंदबाई कुणाचं ऐकतील तर शपथ.

ही डायरी त्यांनीच बोटीवर चढताना हातात दिली. म्हणाल्या, रोज थोडं लिहा, मन हलकं होईल. माझं मन जड झालंय असं मी कधी म्हटलं होतं कोण जाणे.

रिसॉर्टचं नाव राजवाड्याला शोभेल असं आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एका ओळीत आठ खोल्या, वर पत्रा, पत्र्यावर शोभेपुरतं गवत. जाहिरातीत 'समुद्र दिसणारी खोली' असं लिहिलं होतं. दिसतो, खोटं कशाला बोलू? न्हाणीघरातली बादली उलटी करून तिच्यावर उभं राहिलं की झरोक्यातून निळी पट्टी दिसते. मी मॅनेजरला बोलावून बादलीवर उभं केलं. तो म्हणाला, खोलीतून दिसतो एवढंच आम्ही लिहिलंय, खाटेवरून दिसतो असं कुठे लिहिलंय? मी इतकी वर्षं शाळेत शिवण शिकवलं, पोरींच्या नाना सबबी ऐकल्या, पण त्या सगळ्या याच्यापुढे कच्च्या.

चादरींच्या कडा उसवलेल्या होत्या. पिशवीतून सुईदोरा काढून मी दोन्हींची तुरपाई करून टाकली. वन्सं म्हणाल्या, वहिनी, आपण सुट्टीला आलोय. मी म्हटलं, उसवलेल्या चादरीवर मला झोप येत नाही.

सासूबाईंना सोडून मी पहिल्यांदाच बाहेर राहतेय. हे गेल्यापासून आम्ही दोघीच. त्यांचं करता यावं म्हणून मी नोकरीही मुदतीआधी सोडली, आणि ती सोडल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आता चार दिवस भाऊजी आणि जाऊबाई घरी राहायला आलेत. जाऊबाईंना मी सगळं पढवून ठेवलंय. मीठ नाही. तळण नाही. न्हाणीघराची कडी आतून लावू द्यायची नाही. खाटेवरून उठताना हात धरायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना दुपारी वर येऊ द्यायचं नाही, कारण त्या पदराखालून काहीबाही आणून खायला घालतात. आणि डोळ्यांत थेंब, दिवसातून तीनदा, वेळच्या वेळी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे वन्सं घेऊन जातात त्यांना, अधूनमधून. आईचं तेवढं एकच काम त्या करतात, पण करतात हे खरं.

निघताना सासूबाई दारापर्यंत चालत आल्या आणि माझा हात धरून ठेवला. असा कधी धरला नव्हता. म्हणाल्या, "मजा कर हं." मी म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, आई. थेंब विसरू नका.

मंगळवार, ७ तारीख

इथे सकाळी अंडं, पाव आणि फळाच्या फोडी मिळतात. फोडींवर माशा आधी जेवतात, मग आपण.

सासूबाईंशी व्हिडिओवर बोलले. खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. थेंबांची बाटली दाखवा म्हटलं, दाखवली. तोंडात काहीतरी होतं. विचारलं तर घाईनं गिळलं आणि म्हणाल्या, लवंग. लवंग काही अशी कुरकुर वाजत नाही. जाऊबाईंना फोन द्या म्हटलं, तर म्हणे त्या आंघोळीला गेल्यात.

वन्संना सारखे फोन येतात. फोन आला की त्या लांब, वाळूपर्यंत चालत जातात. खोलीत रेंज येत नाही म्हणे. मला खोलीत स्पष्ट ऐकू येतं. कंपनी वेगळी असेल.

दुपारभर काही काम नव्हतं. मी मॅनेजरच्या काउंटरवरचा पडदा शिवून दिला.

गुरुवार, ९ तारीख

दुसऱ्या रिसॉर्टला हललो. वन्सं म्हणाल्या, एकाच ठिकाणी काय पडून राहायचं, स्वस्तातल्या दोन-तीन जागा पाहू. इथे भिंती बांबूच्या आहेत. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी कूस बदलली की आमची खाट हलते. गरम पाणी दुपारी येतं, कारण टाकी उन्हात आहे. पंख्याला एकच वेग, आणि तो वादळाचा. पण समुद्र दारातच आहे. पायरी उतरलं की वाळू.

एक गोष्ट लिहायला हवी. दुपारी वन्सं न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून रडत होत्या. नळाच्या आवाजात ऐकू जात नाही असं त्यांना वाटत असावं. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. साबण गेला म्हणाल्या.

मी खाटेवर बसून सगळं जुळवून पाहिलं. चोरून फोन. रडणं. एरवी वर्षात दोनदा तोंड दाखवणारी नणंद अचानक भावजयीला सुट्टीला नेते, स्वतः तिकिटं काढते, शहाळं आधी मला देते. यांना काहीतरी मोठं दुखणं निघालंय. शेवटचं फिरून घ्यावं, जुनी मनं साफ करावीत, असं वाटत असणार. बिचाऱ्या. हे गेल्यावर दिवसकार्य उरकून दुसऱ्या दिवशी निघून गेल्या, म्हणून मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते. आज ते सोडून दिलं. आता त्यांच्याशी तोडून बोलायचं नाही. स्वतःहून सांगतील तेव्हा सांगतील.

शुक्रवार, १० तारीख

आज परत निघायचं होतं. आता म्हणे बोटीची तिकिटं नाहीत, पुढच्या आठवड्यात मिळतील. माझं डोकंच फिरलं. बोटीचा धक्का नुसत्या डोळ्यांनी दिसतो इथून, बोटी येतात जातात, माणसं चढतात. पण वन्संचं दुखणं आठवलं आणि जीभ आवरली. सकाळचं माझं अंडंही त्यांच्या बशीत घातलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि अंडं न खाताच उठल्या. भूकही गेलेली दिसते.

सासूबाईंना फोनवर सांगितलं की उशीर होतोय. मला वाटलं घाबरतील. त्या म्हणाल्या, राहा की, कशाला घाई करतेस? मला त्रास नको म्हणून बोलतात, मला कळतं ते.

रविवार, १२ तारीख

आज मी पाण्यावर तरंगले!

शेजारच्या झोपडीत एक बाई एकटीच आलीय. डोक्यावर सुपाएवढी टोपी, म्हणून आम्ही तिला टोपीवाली म्हणतो. गावात मोटार चालवायला शिकवते, त्यामुळे घाबरलेल्या माणसांची तिला सवय आहे. ती मला गळ्याएवढ्या पाण्यात घेऊन गेली. मी पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी कमरेला घट्ट. तिनं पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, आडव्या व्हा. मी आडवी झाले पण मान काही खाली जाईना. ती म्हणाली, "मानेला इस्त्री केलीय का तुमच्या?" आणि मला हसू फुटलं. खारट पाणी नाकातोंडात गेलं तरी हसू थांबेना. हसता हसता मान कधी सैल झाली कळलंच नाही. तिनं हात काढून घेतला होता आणि मी वरच होते. वर नुसतं आभाळ. कानांत पाणी, त्यामुळे कुणाचा आवाज नाही, कुणाची हाक नाही. अशी मी बराच वेळ होते.

काठावर वन्सं उभ्या होत्या. टाळ्या वाजवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी बाहेर येऊन ओल्या अंगानंच त्यांना मिठी मारली. म्हटलं, वन्सं, तुम्ही मला हा दिवस दाखवलात, काहीही झालं तरी मी तुमच्यामागे उभी आहे. त्या मान वळवून माझा टॉवेल शोधायला लागल्या.

सासूबाईंना हे सांगायला फोन केला तर भाऊजींनी उचलला. म्हणाले, आई झोपलीय. या वेळी? म्हणाले, आज जरा दगदग झाली. कसली दगदग ते काही सांगितलं नाही.

मंगळवार, १४ तारीख

तिसरं रिसॉर्ट. बेटाच्या दुसऱ्या टोकाला. हे सगळ्यांत स्वस्त आणि खरं तर सगळ्यांत बरं. पांढऱ्या चुन्याच्या खोल्या, मध्ये अंगण, अंगणात कपडे वाळत घातलेले.

दोन दिवस सासूबाईंचा चेहरा दिसला नव्हता. फोनचा कॅमेरा बिघडला होता म्हणे. आज दिसल्या. चेहरा उजळ वाटला. मागे आमची निळ्या फुलांची चादर भिंतीवर टांगलेली. हे काय म्हटलं, तर भाऊजी बाजूनं म्हणाले, खोलीला रंग काढतोय, भिंत झाकलीय. या वयात त्यांना रंगाच्या वासात बसवून ठेवलंय! मी भाऊजींना चांगलं फैलावर घेतलं.

आणखी एक. त्यांच्या अंगात मी शिवलेला पिस्ता रंगाचा गाऊन होता. त्याच्या गळपट्टीवर कुणीतरी लाल दोऱ्यानं आकडा काढलाय. चौदा. टाके असे वेडेवाकडे, एक इथे एक तिथे, दोराही दुहेरी घेतलेला. इतक्या निगुतीनं लावलेली गळपट्टी माझी! मी विचारलं, आई, हे कुणी केलं? त्यांनी एकदम गळ्यावर हात ठेवला आणि फोन बंद झाला. पुन्हा लागलाच नाही.

जाऊबाईंचंच काम असणार. त्यांना साधं बटण लावता येत नाही. पण आकडा कशाला काढला असेल?

बुधवार, १५ तारीख

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी अंगणात इथली कपडे धुणारी बाई टॉवेल वाळत घालत होती. प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आकडा. तीन, सात, अकरा. मी सहज विचारलं, का हो, हे कशाला? ती म्हणाली, "सगळ्यांचं एकत्र धुतलं की ज्याचं त्याला परत जायला नको?"

मी तिथेच उभी राहिले. आमच्या घरात दोघींचेच कपडे असतात. सासूबाईंचा गाऊन माझ्या साड्यांमधून ओळखायला आकडा लागत नाही. आकडा लागतो तो जिथे पुष्कळ माणसांचं एकत्र धुतलं जातं तिथे. हॉस्पिटलात. वसतिगृहात. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती इथे खरोखरच पायाखाली होती.

वन्सं नाश्ता करत होत्या. मी समोर बसले नाही. उभ्यानंच विचारलं.

"वन्सं, आई कुठे आहेत?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. बहुतेक त्या या प्रश्नाची वाटच बघत होत्या. म्हणाल्या, "बसा ना वहिनी."

"कुठे आहेत ते सांगा आधी."

"एका ज्येष्ठांच्या निवासात. चांगलं आहे हो, बाग आहे, डॉक्टर असतात."

"वृद्धाश्रम म्हणा."

त्यांनी बशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, रविवारी हलवलं. चार दिवसांतच व्हायचं होतं, पण तिथली खोली वेळेत रिकामी झाली नाही, म्हणून आपला मुक्काम वाढवावा लागला. रविवारी! मी पाण्यात पाठ टेकून आभाळ बघत होते, दात काढत होते, तेव्हा तिकडे त्या माऊलीचं सामान बांधणं चाललं होतं. आणि ही बाई काठावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी हिला मिठी मारली. हिच्या नसलेल्या दुखण्यासाठी मी माझं अंडं दिलं. केसानं गळा कापला हो माझा.

मी म्हटलं, घर हवंय ना तुम्हा भावंडांना? मग तोंडावर मागायचं होतं. त्या म्हणाल्या, घर आईनं मागेच तुमच्या नावावर केलंय, आम्ही दोघांनी सह्यासुद्धा दिल्यात. मला ते खरं वाटलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं तेही खरं वाटलं नाही.

"आईनंच ठरवलंय हे. जागाही तिनंच बघितली. आम्ही फक्त तिचं ऐकलं."

आणि मग हळूहळू बाकीचं. डोळ्यांचे डॉक्टर वगैरे काही नव्हते. त्या दोघी मायलेकी जागा बघायला जायच्या. एक आवडली नाही, दुसरीत जिने फार, तिसरी पसंत पडली. डोळे ठणठणीत आहेत. थेंब नुसते डोळे ओले ठेवायचे, कुणालाही चालतात. आणि मी घड्याळ लावून उठायचे! त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, पापणी धरून, एक थेंबही गालावर ओघळू न देता घालायचे. त्या चुपचाप वर बघत राहायच्या. त्या वेळी त्या मनात काय म्हणत असतील?

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? वन्सं म्हणाल्या, आई म्हणाली, 'तुझी वहिनी घरात असली तर मला जाता येणार नाही, तिला आधी कुठेतरी घेऊन जा.'

म्हणजे सुट्टी मला दिलीच नव्हती. वाटेतून उचलून बाजूला ठेवलं होतं.

गुरुवार, १६ तारीख

वन्संशी बोलत नाही. तिकिटं मिळाली, उद्याची. कालपर्यंत जी नव्हती ती एका फोनवर मिळाली. खोली एक, खाटा दोन. मी माझी खाट ओढून भिंतीला लावली आणि तोंड तिकडे केलं. त्या दोनदा "वहिनी" म्हणाल्या. मी भिंतीच्या चुन्याचे पोपडे बघत राहिले.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. स्वतःहून. त्यांना फोन लावता येतो हे मला माहीत नव्हतं. नेहमी मीच लावून द्यायचे.

मी ठरवलं होतं शांत राहायचं. पण तोंडातून पहिलं निघालं ते भलतंच. विचारलं, गाऊनवर आकडा कुणी काढला?

"मी," त्या म्हणाल्या. "सुई ओवायला वेळ लागला. पण ओवली."

त्यांच्या हाताला एकदा सुई टोचली होती, तेव्हा मी त्यांचा शिवणाचा डबा माळ्यावर टाकला होता. चांगल्यासाठीच ना? म्हाताऱ्या माणसाची जखम लवकर भरत नाही.

मी म्हटलं, आई, माझं काय चुकलं ते सांगा. कुठे कमी पडले?  

"कमी कुठे पडलीस? तुझ्याइतकं माझ्या पोटच्यांनी केलं नाही. पण मला उठायचं असलं तरी तुझ्याकडे बघायला लागायचं. तू नको म्हणालीस की मी गप्प बसायचे. मला तुझी भीती वाटते गं."

माझी भीती! मी, जिनं त्यांच्यासाठी नोकरी सोडली. जिनं अळणी जेवायची सवय स्वतःलाही लावून घेतली, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. जिनं त्यांच्या खोकल्यावरून ओळखलं आज छाती भरलीय की नुसता घसा. खालच्या काकूंनी चार भजी आणली की त्या देव. आणि जिनं त्या भज्यांपासून वाचवलं तिची भीती. उलट्या काळजाची माणसं. मी फोन ठेवला. त्यांच्यावर असा फोन मी आयुष्यात कधी ठेवला नव्हता.

नंतर टोपीवालीचा निरोप आला वन्संच्या फोनवर, तरंगता येतंय ना अजून, म्हणून. मी समुद्राकडे फिरकलेही नाही.

शनिवार, १८ तारीख

घरी आले.

भाऊजी, जाऊबाई आधीच निघून गेलेले. किल्ली खालच्या काकूंकडे ठेवली होती. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. अख्ख्या इमारतीला ठाऊक असेल. किल्ली देताना काकू म्हणाल्या, चहा टाकते, या ना आत. मी नको म्हटलं. मग जिन्यात मागे येऊन म्हणाल्या, "जाताना त्या सांगून गेल्यात, तुमच्याकडे लक्ष ठेवा म्हणून. म्हणून विचारलं हो."

माझ्याकडे लक्ष! चोराच्या उलट्या बोंबा असतात, तसलंच हे.

त्यांची खोली झाडून पुसून ठेवली होती. भिंतीला रंगबिंग काही लावलेला नाही. तोही खोटाच. खाटेवर गादीची गुंडाळी. खुर्ची तेवढी राहिली. घराचे कागद टेबलावर ठेवले होते, माझ्या नावाचे. मी ते उघडून पाहिले आणि तसेच कपाटात टाकले. या लोकांनी घर बळकावलं असतं तर बरं झालं असतं. भांडले असते, वकील केला असता, चारचौघांत यांची अब्रू काढली असती. कुणी घर देऊन फसवतं तेव्हा कुणाकडे जायचं?

स्वयंपाक एका माणसाचा करायचा म्हणजे भात किती लावायचा, ते कळेना. जास्तच झाला.

सोमवार, २० तारीख

वन्संनी पत्ता पाठवला होता. जाणार नाही असं काल ठरवलं होतं. आज सकाळी डबा भरला. वरण, भात, भाजी, सगळं अळणी. नवा गाऊन कापायला घेतला होता तो तसाच टाकला आणि निघाले.

जागा वाईट नाही. वाईट असती तर किती बरं झालं असतं, हात धरून घेऊन आले असते. स्वच्छ आहे, आवारात झाडं आहेत. दारावरच्या माणसानं कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, सून. तो म्हणाला, चौदा नंबरच्या? मागे बागेत बघा.

चार बाया पत्ते खेळत होत्या. सासूबाईंची पाठ माझ्याकडे. आमच्या घरात त्यांनी कधी पत्ते हातात घेतलेले मी पाहिले नाहीत. कुणीतरी खुणावलं तशी त्या वळल्या. चेहरा आधी पडला. ते मी पाहिलं, आणि ते मी विसरणार नाही. मग सावरल्या, पानं पालथी ठेवली आणि उठल्या. मी हात द्यायला पुढे धावले. तेवढ्यात त्या स्वतःच चार पावलं चालत जाऊन माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या.

डबा उघडला. त्यांनी एक घास खाल्ला, माझ्यासाठी. बाकीचा झाकून ठेवला.

मी पाठ करून गेले होते ते सगळं बोलले. घरी चला. थेंब बंद. कडी लावा न्हाणीघराची, मी बाहेरही उभी राहणार नाही. मीठ हवं तेवढं घाला. काकूंना रोज बोलवा, भजी मी तळीन. शिवणाचा डबा माळ्यावरून काढलाय, पुसूनही ठेवलाय. बाजारात घासाघीस करावी तशी मी एकेक वस्तू पुढे ठेवत होते. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदाही तोडलं नाही. बाकीच्या तिघी पानांत तोंड खुपसून बसल्या होत्या, पण पान एकीनंही टाकलं नाही.

सगळं संपल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रोज येत जा. मला आवडेल. पण संध्याकाळ झाली की घरी जात जा."

मी विचारलं, "त्या घरात माझं कोण आहे, आई?"

 हात काढला नाही त्यांनी. मग चहाची घंटा झाली, सगळ्या उठल्या, एकीनं त्यांना हाक मारली. त्या मला म्हणाल्या, चल, चहा घे. मी म्हटलं, नको. त्यांनी आग्रह केला नाही. डबा माझ्या हातात दिला आणि गेल्या, भिंतीला हातसुद्धा न लावता.

फाटकापाशी पोहोचले तेव्हा मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. मी वळून पाहिलं. त्या सासूबाईच होत्या. इतक्या वर्षांत मला त्यांचा आवाज, खोकला, पावलांची चाहूल, झोपेतलं कण्हणं, सगळं झोपेतही ओळखू यायचं. हसणं ओळखू आलं नाही.

बस मिळाली. संध्याकाळच्या आत घरी आले, त्यांनी सांगितलं होतं तशी.